मुलांचे मन सांभाळण्याचे काम



या व्यासपीठावर विद्वानांनी बोलावे अशी प्रथा आहे. मी विद्वान नाही. माझी शाळा नववीत सुटली. पुढे जे काही वाचले ते युनियनच्या कचेरीत, रात्री, दिवसाच्या तक्रारींचे कागद बाजूला सारून वाचले. म्हणून या विषयावर बोलण्याचे मी कबूल केले तेव्हा चालकांपैकी एकांनी मला विचारले, "मुलांच्या मनाच्या आजारांशी तुमचा काय संबंध?" प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर देऊनच सुरुवात करतो.

माझा संबंध दुहेरी आहे. 18 जानेवारी 1982 रोजी मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. माझे वडील त्यांतले एक, साचेखात्यात होते. मी तेव्हा बारा वर्षांचा. संपाचा इतिहास आपणांस ठाऊक आहे. मी घरातले सांगतो. वडील रोज सकाळी आंघोळ करून, कपडे घालून दाराशी बसत आणि जेवणाच्या वेळेपर्यंत तसेच बसून राहत. मी शाळेतून आलो की कुणाचे लक्ष नाही असे पाहून तांदळाच्या डब्याचे झाकण उघडी आणि किती उरले ते पाही. वर्गात मी उत्तरे देईनासा झालो. सकाळी पोटात दुखे. डॉक्टरांना पोटात काही सापडले नाही. मास्तरांनी मठ्ठ म्हणून शेवटच्या बाकावर बसविले. माझे पोट तपासले गेले, माझी वही तपासली गेली, परंतु "तुला कसली काळजी वाटते?" हे कोणी विचारले नाही. विचारण्याचे काम कुणाचे आहे हेच त्या काळी आमच्या वस्तीत कोणाला ठाऊक नव्हते.

दुसरा संबंध धंद्याचा. गेल्या काही वर्षांत शाळांत व सरकारी दवाखान्यांत कंत्राटावर काम करणारे समुपदेशक आमच्या युनियनकडे येऊ लागले. कोणत्याही खात्याची तक्रार सोडवावयाची तर ते काम चालते कसे, हे प्रथम उभे राहून पाहावे लागते. तसे मी पाहिले, विचारले, वाचले. त्यातून जे समजले ते आपल्यापुढे ठेवतो. माझे म्हणणे एवढेच आहे की मुलांचे मन सांभाळणे हे नुसते पुण्यकर्म नव्हे, ते कसबाचे काम आहे. आणि ते ज्या परिस्थितीत केले जाते तिचा परिणाम थेट मुलावर होतो.

हे काम निघाले कसे? 1899 साली अमेरिकेत शिकागो येथे मुलांसाठी निराळे न्यायालय स्थापन झाले. तीच ती मुले पुन्हा पुन्हा न्यायाधीशापुढे येत. शिक्षा देऊन प्रश्न सुटत नाही, तेव्हा मूल असे का वागते हे तरी पाहू, या विचाराने 1909 साली तेथे विल्यम हीली या डॉक्टरांच्या हाताखाली तपासणी केंद्र निघाले. गुन्हा पाहण्याऐवजी गुन्हा करणारे मूल पाहावयाचे, ही दृष्टी तेथून रुजली. आपल्याकडे 1936 साली नागपाड्याच्या कामकरी वस्तीत सर दोराबजी टाटा यांच्या नावाने समाजकार्याचे विद्यालय सुरू झाले. तीच आजची टाटा समाजविज्ञान संस्था. तिच्या वतीने 1937 साली मुंबईत मुलांसाठी मार्गदर्शन केंद्र उघडण्यात आले. या देशातले अशा प्रकारचे ते पहिले केंद्र. म्हणजे हे काम आपल्याकडे आले ते बंगल्यांतून नव्हे, चाळींच्या शेजारून आले.

या कामात निरनिराळ्या कसबाची माणसे लागतात. मनोविकारतज्ज्ञ हा वैद्यकाची पदवी घेतलेला डॉक्टर. औषध लिहून देण्याचा अधिकार त्याचा. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ बुद्धी, लक्ष, स्मरण, भावना यांची चाचणी घेतो आणि बोलण्यातून व सरावातून उपचार करतो. त्याची नोंदणी 1992 च्या कायद्याखालील भारतीय पुनर्वास परिषदेकडे होते. मानसोपचार समाजकार्यकर्ता घर, वस्ती, शाळा, मिळकत यांचा विचार करतो. समुपदेशक शाळेत किंवा दवाखान्यात मुलाला प्रथम भेटतो. 'समुपदेशक' ही पाटी मात्र दीर्घकाळ कोणीही लावू शकत असे. 2021 च्या कायद्याने समुपदेशकांना व समाजकार्यकर्त्यांना संलग्न आरोग्य व्यवसायांच्या यादीत घेतले, ही चांगली गोष्ट झाली. आपण मुलाला कोणाकडे नेतो आहोत, त्याचे शिक्षण काय, हे विचारण्यात संकोच बाळगू नये. गवंडी निवडताना आपण चार ठिकाणी चौकशी करतो. येथे तर मुलाचा प्रश्न आहे.

मोठ्या माणसावर उपचार करणे आणि मुलावर करणे यांत फरक काय? पहिला फरक असा की मूल आपल्या पायांनी येत नाही, त्याला आणले जाते. तक्रार आईची, बापाची किंवा शिक्षकांची असते. मुलाचे म्हणणे निराळेच असू शकते, आणि ते काढून घेणे हेच अर्धे काम आहे.

दुसरा फरक भाषेचा. 'मला उदास वाटते' असे आठ वर्षांचे मूल सहसा म्हणत नाही. त्याचे पोट बोलते, त्याची झोप बोलते, त्याचा राग बोलतो. मोठ्यांत उदासीनतेचा आजार रडक्या चेहऱ्याने दिसतो; मुलांत आणि तरुणांत तोच पुष्कळदा चिडचिडीच्या रूपाने दिसतो, आणि घरचे म्हणतात, पोरगा उद्धट झाला. म्हणून लहान मुलांबरोबर बोलण्याआधी खेळावे लागते. चित्रे, ठोकळे, बाहुल्या, कॅरम ही या कामाची हत्यारे आहेत. बाहेरून पाहणाऱ्याला वाटते, सरकार यांना खेळण्याचा पगार देते की काय! पण खेळताना मूल जे मांडते ते शब्दांत मांडण्याची ताकद त्याला अजून आलेली नसते.

तिसरा फरक वाढीचा. तीन वर्षांच्या मुलाने अंथरुण ओले केले तर तो आजार नव्हे. आठव्या वर्षी पुन्हा सुरू झाले तर चौकशी केली पाहिजे. चांगला व्यावसायिक पहिल्या भेटीत मुलाच्या जन्मापासूनची हकीकत विचारतो: केव्हा चालले, केव्हा बोलले, कोणती दुखणी झाली, झोप किती, शाळा केव्हा बदलली, घरात कोण आले, कोण गेले. कान व डोळे तपासून घ्यावयास सांगतो, कारण फळ्यावरचे न दिसणाऱ्या मुलावरही आपण आळशीपणाचा शिक्का मारतो. बुद्धी चांगली असूनही अक्षरे व अंक यांचा मेळ न बसणारी मुले असतात. 2016 च्या अपंग हक्क कायद्याने या अध्ययन-अक्षमतेला मान्यता दिली आहे. अशा मुलाला मार नव्हे, शिकविण्याची निराळी रीत हवी असते.

आता एक हकीकत सांगतो. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत आणि घरच्यांची परवानगी घेतली आहे. आमच्या एका सभासदाचा कारखाना बंद पडला. काही महिन्यांनी त्याचा दहा वर्षांचा मुलगा शाळेत जाईना. शाळेच्या वेळेला पोटात कळ, उलटी. रविवारी मूल धडधाकट. तपासण्या झाल्या, काही निघाले नाही. सभासद माझ्याकडे आला आणि म्हणाला, "भाऊ, पोरगा नाटकं करतोय, काय करू?" मी म्हणालो, "दोन दिवस सक्ती कर, तिसऱ्या दिवशी आपोआप जाईल." ज्याचे स्वतःचे पोट बाराव्या वर्षी दुखत होते, त्या माणसाने हा सल्ला दिला. माणूस मोठा झाला की किती विसरतो, याचा हा पुरावा मीच आहे. त्याने सक्ती केली, मारलेही. मुलगा रस्त्यातच भोवळ येऊन पडला.

मग त्याला सरकारी दवाखान्यातल्या समुपदेशक बाईंकडे नेले. त्यांनी आईबापांना निराळे भेटून हकीकत घेतली. मुलाबरोबर दोन बैठका त्या नुसता कॅरम खेळल्या. तिसऱ्या बैठकीत सोंगटीवर नजर ठेवूनच मुलगा म्हणाला, "ताई, मी शाळेत गेलो तर बाबांकडे कोण बघणार?" कारखाना बंद पडल्यावर एका रात्री बाप बायकोजवळ म्हणाला होता, आता जीव दिलेला बरा. मूल झोपले आहे असे त्यांना वाटले. ते झोपले नव्हते. त्या दिवसापासून ते घरी राहून बापाची राखण करीत होते. जे मूल आम्हाला शाळाचोर वाटले, ते पहाऱ्यावर होते.

येथे कसब कसे लागते पाहा. बाईंनी पहिल्याच भेटीत मुलाला सांगितले होते की तू सांगशील ते मी कोणाला सांगणार नाही. मात्र तुझ्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका असेल, किंवा कोणी तुला इजा करीत असेल, तर मला सांगावे लागेल. त्याप्रमाणे त्यांनी मुलाला कल्पना दिली आणि त्याच दिवशी बापाशी बोलल्या. आडपडदा न ठेवता विचारले, "जीव द्यावा असे मनात येते का?" असे विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो ही समजूत खोटी आहे, विचारल्याने माणूस बोलता होतो. बापाला मनोविकारतज्ज्ञाकडे नेले, औषध सुरू झाले.

त्यानंतर शाळा. घरी राहण्याने भीती कमी होत नाही, वाढते. मूल घरी राहिले की त्या घटकेपुरती सुटका वाटते, आणि त्या सुटकेतूनच शरीर शिकते की शाळा म्हणजे धोका. म्हणून परतणे लवकर हवे, पण पायरीपायरीने हवे. पहिले दोन दिवस बापाबरोबर फाटकापर्यंत. मग पहिले दोन तास. मग मधल्या सुटीपर्यंत. मधल्या सुटीत मुख्याध्यापकांच्या खोलीतून बापाला एक फोन करण्याची मुभा. वर्गशिक्षकांना जेवढे आवश्यक तेवढेच सांगितले, घरचे सारे नव्हे. सहासात आठवड्यांत मुलगा पूर्ण दिवस बसू लागला. फोन त्याने स्वतःच बंद केला.

हकीकत येथे संपली असती तर मी ती सांगितली नसती. बाईंचे कंत्राट अकरा महिन्यांचे होते. नूतनीकरणाचा कागद वेळेवर आला नाही आणि एका शुक्रवारी त्यांना सांगण्यात आले की सोमवारपासून येऊ नका. मुलगा पुढच्या बैठकीला गेला तो खोलीला कुलूप. तीन महिन्यांनी दुसरी व्यक्ती आली, तिने पहिल्यापासून सारे प्रश्न विचारले. मुलाने तोंड उघडले नाही. घरी येऊन आईला म्हणाला, "मी बाबांचं सांगितलं म्हणून ताईंना काढलं का?"

बंधुभगिनींनो, गिरणीत बदली कामगार असे. कायम कामगार आला नाही तर फाटकावर उभा असलेला बदली आत घेत. साच्याला त्याचे काही वाटत नसे. सूत सुतासारखेच चाले. पण या कामात हत्यार म्हणजे ते माणूसच आहे. एका विशिष्ट माणसावर मुलाचा विश्वास बसतो आणि त्या विश्वासावर उपचार उभा राहतो. तेथे बदली घातला की काम नुसते थांबत नाही, केलेले उसवते. या व्यवसायाची रीतच अशी आहे की उपचार संपवायचा तर मुलाला काही आठवडे आधी सांगावे, उरलेल्या भेटी मोजून दाखवाव्यात, नीट निरोप घ्यावा. कारण पुष्कळ मुलांना माणसे न सांगता निघून जाण्याचीच सवय झालेली असते. शुक्रवारच्या एका कागदाने त्या बाईंना ती रीत पाळू दिली नाही. आमच्याकडे ही तक्रार 'सेवाखंड' म्हणून नोंदली गेली. माझ्या मते तिच्यात दोन तक्रारदार होते, आणि दुसरा दहा वर्षांचा होता.

ही चार मुलांची गोष्ट नव्हे. 2015-16 साली बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने केलेल्या राष्ट्रीय पाहणीत 13 ते 17 वर्षांच्या मुलांत सुमारे 7.3 टक्के मुलांना मानसिक विकार आढळला. साठांच्या वर्गात चार मुले. जागतिक आरोग्य संघटना सांगते की मनाच्या आजारांपैकी सुमारे एक तृतीयांश चौदाव्या वर्षापर्यंत सुरू झालेले असतात. 2021 या एका वर्षात देशात 13 हजारांहून अधिक विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्याची सरकारी नोंद आहे, आणि त्यांत सर्वांत मोठा आकडा आपल्या महाराष्ट्राचा होता.

कायद्याने काही पावले टाकली आहेत. 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने या उपचारांवर प्रत्येकाचा हक्क मानला. मुलाला रुग्णालयात ठेवणे हा अपवादच असावा, ठेवले तर मोठ्यांपासून निराळे ठेवावे आणि घरचे माणूस सतत जवळ असावे, असे त्यात आहे. आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असेच कायदा धरून चालतो. त्याला गुन्हेगार म्हणून उभे करावयाचे नाही. 2012 च्या बालकांच्या लैंगिक अत्याचारविरोधी कायद्याप्रमाणे असा अत्याचार कळल्यावर पोलिसांना कळविणे प्रत्येकाचे कर्तव्य आहे. समुपदेशक गुप्ततेचे कारण सांगून गप्प बसू शकत नाही. 2014 पासून दहा ते एकोणीस वर्षांच्या मुलामुलींसाठी राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम चालू झाला. आपल्याकडे त्याचे दवाखाने 'मैत्री' या नावाने ओळखले जातात. आणि जुलै 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असे निर्देश दिले की ज्या शिक्षणसंस्थेत शंभर किंवा अधिक विद्यार्थी आहेत तेथे किमान एक शिक्षित समुपदेशक नेमला पाहिजे.

फार चांगले झाले. पण कामगार चळवळीत आयुष्य काढलेल्या माणसाच्या मनात येथे लगेच प्रश्न येतो: नेमला पाहिजे तो कोणत्या अटींवर? पद भरले की कागद पुरा होतो, काम पुरे होत नाही. आमच्या सभासदांकडून मी जे ऐकतो ते असे. एका शाळेत समुपदेशकाला ग्रंथालयाचा कोपरा दिला होता. मूल बोलू लागले की कोणीतरी पुस्तक बदलावयास येई. एका बाईंकडे चार शाळा होत्या, आठवड्यातून एक दिवस एकेकीत. मुलाचे दुःख मंगळवारचे आणि ताई येणार शुक्रवारी. कित्येकांना गैरहजर शिक्षकांचे तास घ्यावयास लावतात. ज्याने सकाळी वर्गात दटावले त्याच्यापाशी दुपारी कोणते मूल मन मोकळे करील?

आणखी एक गोष्ट बाहेरच्यांच्या लक्षात येत नाही. दिवसभर मुलांचे हाल ऐकणाऱ्याच्या मनावर त्याचा ओरखडा उठतो. झोप जाते, किंवा मन निबर होते. दुसरे अधिक वाईट. यासाठी या व्यवसायात एक जुनी पद्धत आहे: अनुभवी व्यक्तीपुढे बसून आपण हाताळत असलेल्या मुलांची चर्चा नियमितपणे करावयाची. याला पर्यवेक्षण म्हणतात, पण ते जॉबरचे पर्यवेक्षण नव्हे. चूक पकडण्यासाठी ते नसते, चूक मुलापर्यंत पोचू नये म्हणून असते. कंत्राटी माणसाला त्यासाठी ना वेळ मिळतो ना ज्येष्ठ माणूस.

म्हणून आमची मागणी साधी आहे. दार बंद होणारी खोली. नोंदी लिहिण्यास व पालकांना भेटण्यास वेळ. ठरावीक मुले, अमर्याद नव्हेत. महिन्यातून काही तास पर्यवेक्षण. टिकाऊ नेमणूक व पोटापुरते वेतन. आणि एखाद्याला जावेच लागले तर मुलांचा निरोप घेण्याइतकी मुदत. या मागण्या कामगाराच्या आहेत की मुलाच्या, हे मला तरी वेगळे काढता येत नाही.

एक आक्षेप माझ्याच चळवळीतले मित्र घेतात. ते म्हणतात, "बापाला काम द्या, पोर बरे होईल. समुपदेशन म्हणजे अन्यायावर मलमपट्टी." मीही पुष्कळ वर्षे हेच म्हणत असे. यात खरे आहे ते मी सोडणार नाही. उपाशी मुलाला श्वासोच्छ्वासाचा व्यायाम शिकविणे ही थट्टा आहे, आणि चांगला व्यावसायिक घरात चूल पेटते का हे आधी विचारतो. अन्यायाला आजार म्हणू नये. पण त्या मुलाच्या बापाला सहा महिन्यांनी काम मिळाले. तोवर मुलाने रोज पहारा द्यावयाचा होता काय? शिवाय ज्यांच्या घरी चूल नीट पेटते त्यांची मुलेही खचतात. भाकरीचा लढा आणि मनाची देखभाल हे दोन्ही हात एकाच माणसाचे आहेत.

शेवटी आपण काय करावयाचे? मूल एकाएकी बदलले, झोप, भूक, मित्र, अभ्यास यांत दोन आठवडे सतत फरक दिसला, तर 'नाटक' हा शब्द वापरण्यापूर्वी थांबावे. शेजारच्या मुलाशी तुलना करू नये. विचारावे, आणि विचारल्यावर उपदेश न करता ऐकावे. मरणाची भाषा कोणी केली तर ती गंभीरपणेच घ्यावी; एकटे सोडू नये. 14416 हा टेली-मानसचा दूरध्वनी 2022 पासून आहे, संकटातील मुलांसाठी 1098 आहे. हे आकडे घरात लिहून ठेवावेत. आणि शाळेच्या पालकसभेत गुणांची चौकशी झाल्यावर आणखी तीन प्रश्न विचारावेत: आपल्या शाळेचे समुपदेशक कोठे बसतात? त्या खोलीला दार आहे का? आणि गेल्या वर्षी होते तेच यंदा आहेत का?

त्या मुलाचे काय झाले, हे आपण विचाराल. नव्या समुपदेशक बाईंनी जुन्या बाईंचा पत्ता शोधला आणि सर्वांच्या संमतीने एकदा त्यांची व मुलाची भेट घडवली. जुन्या बाई कामावर नव्हत्या, पगार नव्हता, तरी आल्या. त्यांनी मुलाला एवढेच सांगितले, "तू सांगितलंस ते बरोबर केलंस. मी गेले ते तुझ्यामुळे नाही." मग निरोप घेतला. मुलगा पुन्हा बोलू लागला. हे त्या दोघींच्या चांगुलपणाने झाले. चांगुलपणाला मी नमस्कार करतो. परंतु मुलांचे बरे होणे केवळ त्याच्यावर सोडू नये, म्हणून आज येथे उभा राहिलो.